कृष्णपुऱ्याच्या पुलावरची चाके

इंदुरातील कृष्णपुरा ही कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमालगतची वस्ती. तिच्या एका अंगाला राजवाड्याचे सात मजले, दुसऱ्या अंगाला होळकरांच्या छत्र्या, आणि या दोहोंना सांधणारा पूल. पहिल्या यशवंतरावांच्या पत्नी कृष्णाबाई मासाहेब, ज्यांनी १८४४ साली दुसऱ्या तुकोजीरावांना गादीवर बसवून दौलतीचा तोल सावरला, त्यांची छत्री येथे आहे. त्या तुकोजीरावांची आणि त्यांचे पुत्र शिवाजीराव यांचीही आहे. या छत्र्यांचे शिल्प, त्यांवरील कोरीव शिपाई आणि नक्षी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शेजारच्या पुलावरून पिढ्यान्‌पिढ्या जी चाके गेली, त्यांविषयी मात्र कोणी फारसे लिहिलेले नाही. आणि तरीही या शहराची भरभराट, त्याचा कापूस, त्याचे धान्य, त्याच्या बाजारपेठा, त्याचे प्रवास हे सारे अखेर चाकांवरच आले. चाक कोणते निवडावे आणि ते निगेने कसे राखावे, हा आज मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहणारा प्रश्न या जागी मुळीच नवा नाही. त्याची उत्तरे मात्र पिढ्यापिढ्यांनी निरनिराळ्या माणसांच्या हाती सोपवली, आणि हेच हस्तांतर या लेखाचा विषय आहे.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली, तेव्हा माळव्यातील मालाची ने-आण मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर आणि बैलगाड्यांवर चालत असे. माळव्याची जमीन काळी, बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली, उन्हाळ्यात हातभर खोल भेगा देणारी आणि पावसाळ्यात फुगून चिकट होणारी. मृगाच्या पहिल्या सरींनंतर या जमिनीत भरलेली गाडी घालणे म्हणजे बैलांचा अंत पाहणे होय, हे प्रत्येक गाडीवान जाणून होता, आणि म्हणून चाकाची उंची, पाट्यांची रुंदी, आसाची लांबी या गोष्टी हौसेने नव्हे, तर वाटेच्या स्वभावावरून ठरत. उंच चाक खड्ड्यातून सहज वर येते. रुंद पाटा मऊ जमिनीत कमी रुततो. अरुंद पाटा कठीण वाटेवर हलका चालतो. भूमी आणि भार पाहून चाक निवडावे हा नियम रबराच्या शोधाहून कितीतरी जुना आहे.

या चाकाचा प्राण त्याच्या लोखंडी धावेत असे. सुताराने बाभळीच्या लाकडाचा तुंबा कोरून, त्यात आरे ठोकून, आऱ्यांच्या टोकांवर पाटे बसवले, की काम लोहाराकडे जाई. लोहार लोखंडी पट्टी वाकवून तिची दोन्ही टोके भट्टीत सांधी आणि जे कडे तयार होई ते चाकाच्या परिघापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान ठेवी. मग ते कडे जमिनीवर आडवे मांडून भोवती गोवऱ्या रचल्या जात. लोखंड लाल होऊन फुगले की तिघे-चौघे सांडशीने ते उचलून चाकावर उतरवीत, लाकडातून धुराचा लोट उठे, घणाचे घाव पडत, आणि लगोलग घागरींनी पाणी ओतले जाई. थंड होताना आकसणाऱ्या लोखंडाने पाटे, आरे आणि तुंबा असे आवळले जात, की सांध्यासांध्यातून करकर असा आवाज येऊन सारे चाक एकजीव होई. कडे फार लहान झाले तर आरे वाकत, आणि फार मोठे झाले तर ऐन वैशाखात, लाकूड सुकले असता, धाव भर वाटेत निखळून पडे. या दोन चुकांमधील अंतर सुतापेक्षा अधिक नसे, आणि ते मोजण्यास लोहाराजवळ दोरी आणि डोळा एवढीच साधने असत.

यानंतरची निगा मात्र गाडीवानाची. उन्हाळ्यात चाके सैल झाली की ती पाण्यात भिजत घालावयाची, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. एरंडेल आणि काजळी यांचे वंगण भरलेला नळा गाडीस टांगलेला असे आणि आस कुरकुरण्याची वाट न पाहता त्यात बोळा बुडवून वंगण दिले जाई. मुक्कामाच्या ठिकाणी आधी बैल सोडावयाचे आणि मग चाकाभोवती फिरून प्रत्येक आरा हाताने हलवून पाहावयाचा, अशी रीत होती. मराठी दरबारांतून पीलखाना, उष्ट्रखाना यांप्रमाणे गाड्यांचेही स्वतंत्र खाते असे आणि तेथील कारखानीस लाकूड, लोखंड, तेल, वंगण या जिनसांचा जमाखर्च दफ्तरी रुजू करीत. रयतेच्या घरी दफ्तर नसले, तरी शिरस्ता तोच होता. चाकाची मशागत हा घरच्या कारभाराचा भाग होता, आणि घरातील पोराला बैल ओळखण्याबरोबरच धाव वाजवून तिचा घट्टपणा ओळखण्याचेही शिक्षण मिळे.

तुकोजीरावांच्या कारकीर्दीत दळणवळणाचे रूप पालटले. मुंबईहून आग्ऱ्यास जाणारा रस्ता इंदुरावरून पक्का झाला. आणि खांडव्याहून इंदुरास लोहमार्ग आणण्यासाठी तुकोजीरावांनी इंग्रज सरकारास एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. आगगाडी आली म्हणून गाड्या संपल्या नाहीत. उलट गावागावांतून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून पेठांपर्यंत माल पोचवणाऱ्या गाड्यांची आणि माणसे पोचवणाऱ्या टांग्यांची वर्दळ वाढली. पक्क्या सडकेवर लोखंडी धाव खडखडाट करी, खडी फोडी आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करी. या सडकेने नव्या चाकाची मागणी निर्माण केली, आणि तिचा पुरवठा पश्चिमेकडून होऊ लागला.

त्या पुरवठ्यामागची हकिकत थोडक्यात अशी. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, परंतु त्या काळी स्वस्त रबर नव्हते आणि जलद वाहनही नव्हते, म्हणून ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना नव्याने सिद्ध केली, आणि १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो या शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत पंक्चरांवर पंक्चरे झाली, तथापि मोटार हवेवर चालू शकते हे सिद्ध झाले. मूळचे रबर पांढुरके असे. त्यात काजळी मिसळल्यास ते कितीतरी पटींनी कमी झिजते हे विसाव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आले, आणि टायर काळा झाला. १८७६ साली ब्राझीलमधून इंग्लंडमार्गे आलेल्या बियांपासून सिंहलद्वीप आणि मलाया येथे रबराचे मळे उभे राहिले आणि १९०२ पासून केरळातही त्यांची व्यापारी लागवड सुरू झाली. टांग्याच्या चाकावर लोखंडाऐवजी भरीव रबराची धाव बसू लागली ती या साऱ्याच्या परिणामी. आणि टांगेवाल्याच्या दृष्टीने तो केवळ सुखाचा नव्हे, तर घोड्याच्या आयुष्याचा प्रश्न होता.

मोटार संस्थानांत आधी आली ती राजवाड्यांच्या दारी. होळकरांच्या घराण्यात दुसरे यशवंतराव हे आधुनिक कलेचे मोठे भोक्ते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा उभारविला आणि अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग यंत्रावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारागिरांकडून साज चढवून घेतलेली त्यांची मोटार आजही जगातील अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. अशा मोटारींमागे चालक, यंत्रज्ञ, धुणारा, पुसणारा असा शागिर्दपेशा तैनात असे. त्या काळची सूत गुंफलेली, नळी असलेली टायरे उष्णतेने आणि खिळ्यांनी वारंवार बसत. चाक उतरवणे, नळी काढणे, चकती डकवणे आणि हातपंपाने हवा भरणे हे चालकाचे नित्यकर्म होते. मालकाने टायराचा विचार करण्याचे कारणच नव्हते. पूर्वी जे काम गाडीवान करी, ते आता पगारी माणूस करीत होता. चाक आणि त्यावर बसणारा यांच्यात येथे पहिल्याप्रथम अंतर पडले.

त्याआधीच, १९१७ च्या आगेमागे, पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार इंदुरास आले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर झाला. जुनी वस्ती उलथवून रुंद रस्ते काढण्यापेक्षा तिच्यात बेतशीर दुरुस्ती करावी, नद्या स्वच्छ कराव्यात, घाट आणि बागा राखाव्यात हा त्यांचा आग्रह होता. कृष्णपुरा आणि राजवाड्याच्या भोवतालच्या गल्ल्यांची जुनी ठेवण पुष्कळ अंशी टिकून आहे ही मोठी सांस्कृतिक मिळकत होय. परंतु अशा गल्लीत मोटार वळवताना दगडी कडेला चाक घासते, टायराची कूस चिरडते आणि आतील धागे तुटून तेथे फुगवटा धरतो, याचीही जाण तेथे राहणाऱ्याने ठेवली पाहिजे. तळव्यातील छिद्र बुजवता येते. कुशीतील जखम बुजवता येत नाही.

हिंदुस्थानात टायर तयार होऊ लागले ते १९३६ साली, हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला तेव्हा. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातील रबर जपानच्या हाती गेले आणि पेट्रोलप्रमाणे टायरांचीही टंचाई भासू लागली. मोटारबसगाड्या कोळशाच्या वायूवर चालवण्यात आल्या, जुनी टायरे पुनःपुन्हा ठिगळे लावून वापरण्यात आली, आणि काटकसरीची ती सवय युद्धानंतरही एका पिढीच्या अंगी मुरली. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. तैनाती शागिर्दपेशा गेला. आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत डॉक्टर, वकील, गिरणीतील अधिकारी, पेढीवाले अशा मराठी-गुजराती-मारवाडी कुटुंबांच्या दारी ॲम्बॅसॅडर आणि फियाट उभ्या राहू लागल्या.

या गाड्यांची टायरे आडव्या-तिरप्या धाग्यांची; ॲम्बॅसॅडरची ५.९० बाय १५ इंची, फियाटची ५.२० बाय १४ इंची. मुंबईच्या भांडुपास सिएटचा कारखाना निघाल्यावर देशी टायर मिळण्याची सोय वाढली, तरी नव्या टायरांचा जोड घेणे हा घरातील मोठा खर्च असे, आणि झिजलेल्या टायरावर नवा तळ चढवून घेणे, म्हणजे रिमोल्ड करणे, यात कोणी कमीपणा मानीत नसे. त्या काळाचा खरा आचार्य म्हणजे नाक्यावरचा पंक्चरवाला. त्याची टपरी आजही जुन्या इंदुरात पाहावयास मिळते. टॉमीने टायराची कड उचकटून तो नळी बाहेर ओढतो, तिच्यात हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात हळूहळू फिरवतो, बुडबुड्यांची बारीक रांग दिसताच त्या जागी ओल्या बोटाने खूण करतो, कानसीने पृष्ठभाग खरवडतो, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबतो आणि मगच ठिगळ दाबतो. पण त्याच्या विद्येचा मोठा भाग याहून निराळा असे. टायराच्या आत हात फिरवून, खिळा कुठून शिरला, धागा तुटला काय, तळ एका बाजूने का झिजला, हे तो मालकास सांगे. आणि बाहेरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवता, मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त भरता, एकच कड झिजली असेल तर चाकाची ठेवण बिघडली आहे, असा निवाडा देई. त्याच्या शेजारी उभे राहून कुटुंबप्रमुख आणि त्याची मुले हे ज्ञान आपसूक शिकत.

यानंतर दोन शोधांनी या विद्येस घराबाहेर काढले. पहिला रेडियल टायरांचा. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेल्या या रचनेत धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात आणि तळाखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे टायर कमी तापतो, कमी झिजतो आणि रस्ता घट्ट धरतो. आपल्याकडे जे. के. टायरने १९७७ साली रेडियल आणले, आणि १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुतीनंतर कौटुंबिक मोटारींत त्याचा प्रसार झाला. दुसरा शोध नळीविरहित, म्हणजे ट्यूबलेस टायरांचा, ज्यात खिळा शिरला तरी हवा एकदम न जाता हळूहळू जाते आणि बाहेरूनच दोरी खोचून छिद्र बुजवता येते. दोन्ही शोध अत्यंत हितकारक; परंतु दोन्हींमुळे टायर मुका झाला. रेडियलची कूस मुळातच थोडी फुगीर दिसत असल्याने हवा कमी झाली हे नुसत्या नजरेस कळत नाही, आणि ट्यूबलेसमधील मंद गळती कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. निकड दिसेनाशी झाली आणि तिच्याबरोबर निगाही सुटली.

इतिहासाची गती अशी, की याच काळात टायर कृष्णपुऱ्याच्या अगदी जवळ आला. ब्रिजस्टोन या जपानी कंपनीने हिंदुस्थानातील आपला पहिला कारखाना पीथमपूरजवळच्या खेडा येथे काढला आणि १९९८ साली तेथे उत्पादन सुरू झाले. दुसरा कारखाना पुढे पुण्याजवळ चाकणला निघाला. त्याच पीथमपुरात २०२१ साली नॅट्रॅक्स या सरकारी परीक्षण केंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग खुला झाला, जेथे वाहनांची कसोटी लागते. जे चाक एकेकाळी बेलफास्ट आणि बर्मिंगहॅमच्या नावाने ओळखले जाई, ते आज येथून तासाभराच्या वाटेवर घडते. आणि जी माहिती एकेकाळी दारातल्या गाडीवानाच्या बोटांत होती, ती मात्र घरातल्या कोणालाच नसते. ही विसंगती केवळ खेदाची नाही, ती धोक्याची आहे, आणि म्हणून तिचा उपाय येथे सविस्तर सांगणे अवश्य वाटते.

माळव्यातील कित्येक मराठी कुटुंबांचे कुलदैवत होळकरांप्रमाणेच जेजुरीचा खंडोबा. त्याच्या दर्शनास कृष्णपुऱ्याहून निघालेली मोटार राऊ, मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासनचा घाट, धुळे, मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर अशी सहाशेहून अधिक किलोमीटर जाते. माळव्याच्या पठारावरून निमाडाच्या भट्टीत उतरते आणि पुन्हा सातपुड्याचा घाट ओलांडून खानदेशच्या उन्हात धावते. पाच माणसे आणि त्यांचे सामान यांचा सारा भार रस्त्याला टेकतो तो चार तळहातांएवढ्या जागेवर. या प्रवासाच्या कसोटीस उतरेल असेच टायर निवडावे. टायराच्या कुशीवर १८५/६५ आर १५ ८८ एच अशी अक्षरे असतात. त्यांपैकी १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या शेकडा प्रमाणात कुशीची उंची, आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंची व्यास, ८८ म्हणजे एका टायरास ५६० किलोचा भार झेपतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. गाडीच्या कारखान्याने ठरविलेला हा आकडा दिखाव्यासाठी बदलू नये. रुंद टायराने गाडी उठून दिसते, पण स्टिअरिंग जड होते, इंधन वाढते आणि बुटक्या कुशीस खड्ड्याचा मार अधिक बसतो. भार आणि वेग यांची मर्यादा मूळच्याहून कमी कधीही घेऊ नये. कुशीवरील अखेरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानात पडून जुने झालेले टायर नवे म्हणून घेऊ नये, आणि दोनच नवी घ्यावयाची असतील तर ती मागच्या चाकांना लावावीत, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरणे सामान्य चालकाच्या हातचे राहत नाही.

निवडीपेक्षाही निगेचे महत्त्व अधिक. हवा किती भरावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. भरल्या गाडीसाठी तेथे निराळा, वरचा आकडा असतो, तो लांबच्या यात्रेस पाळावा. हवा सकाळी, टायर थंड असता मोजावी. कारण तापमान पाच-सहा अंश सेल्सियसने चढले की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो. भर दुपारी धुळ्यास थांबून, हवा जास्त झाली असे समजून ती सोडून देणे ही फार घातक चूक होय; तो वाढलेला दाब स्वाभाविक असतो, आणि तो कमी केला तर टायर थंड झाल्यावर उपाशी राहते. कमी हवेच्या टायराची कूस प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, वाकण्यातून उष्णता निघते, उष्णतेने धागे आणि रबर यांची फारकत होते, आणि मग महामार्गावर टायर फुटते. दोष लोक उन्हाला देतात. हवा पंधरा दिवसांतून एकदा, आणि स्टेपनीचीही, पाहावी. आठ-दहा हजार किलोमीटरांवर पुढच्या-मागच्या चाकांची अदलाबदल करावी, त्याच वेळी ठेवण आणि तोल तपासावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्याने टायर बाद होते. परंतु पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिकट थर सडकेवर पसरतो आणि पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचांनाच करावे लागते, म्हणून मृगाच्या आधी तीन मिलिमीटरवर आलेले टायर बदलणे हेच शहाणपण. पाच-सहा वर्षे झालेले टायर, नक्षी शाबूत असली तरी, दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे. रबर चालण्याने झिजते तसे बसूनही कडक होते, आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या गाडीस हा दोष आधी जडतो.

ही कामे कठीण नाहीत. त्यांस पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो शिरस्ता. दरबारच्या कारखानिसाने जे दफ्तर ठेवले, तेच प्रत्येक घराने एका साध्या वहीत ठेवावे: टायर कधी घेतले, त्यावरील तारीख कोणती, हवा कोणत्या दिवशी किती भरली, अदलाबदल केव्हा झाली, पंक्चर कोणत्या चाकास आणि कोठे झाले. ती वही घरातील मुलामुलींच्या हाती द्यावी, आणि हवेचा दाब मोजण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे. गाडीवान, चालक, पंक्चरवाला यांनी आळीपाळीने सांभाळलेली जबाबदारी आज दुसऱ्या कोणाकडे सोपवता येण्यासारखी राहिलेली नाही. ज्याचे कुटुंब त्या चाकांवर बसते, त्यानेच ती पुन्हा स्वतःकडे घेतली पाहिजे.